मावशींनी न ओळखलेला चेहरा

माझ्या मावससासूबाईंनी आजवर या भूतलावर एकाही माणसाला अनोळखी राहू दिलेलं नाही. आपण नागपुरात नवे आहोत, आपल्याला इथे कोण ओळखतं, असं तुम्हाला वाटत असेल तर तो समज मावशी रस्ता ओलांडून तुमच्यापर्यंत पोचेतो टिकेल. पोचल्यावर त्या मान जराशी डावीकडे कलती करतील, चष्मा काढून हातात घेतील (त्यांना वर्तमानपत्र चष्म्यातून आणि माणसं चष्म्याशिवाय दिसतात) आणि विचारतील, "तू काटोलच्या जिनिंगवाल्यायच्या घरचा ना गा? नाई? मंग मायकडून असशील." आणि तुम्ही मायकडून असता. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरातली बाकी मंडळी माझा पगार आणि पत्रिका पाहत होती. मावशी कोपऱ्यात बसून फक्त माझं तोंड पाहत होत्या. पोहे संपता संपता त्यांनी निकाल दिला, "नाक तं पारशिवनीचं आहे, पन हे कान कुठून आनले?" कान आपल्या माहेरचे आहेत हे माझ्या आईला भर बैठकीत कबूल करावं लागलं. त्यानंतर माझी आणखी चौकशी करण्याची कोणाला गरज वाटली नाही आणि माझं लग्न ठरलं.

मावशींची सगळी नोकरी प्राथमिक शिक्षिका म्हणून काटोल आणि पारशिवनीकडच्या गावांत गेली. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, आजही राहत नाहीत. माझं नाव त्या अजून अधूनमधून विसरतात आणि 'जवाईबापू'वर वेळ मारून नेतात. पण चेहरा एकदा डोळ्यांखालून गेला की गेला कायमचा आत. वर्गात नुसती नजर फिरवून आज कोण आलं नाही हे त्या सांगायच्या, आणि जे आलं नाही ते कोणत्या बोरीखाली सापडेल हेही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी गावच्या सरपंचासमोर विचारलं होतं, "दुसरीत पेन्सिल खाऊन रडला होता तो तूच ना गा?" त्या दिवशी तपासणी फार लवकर आटोपली आणि शेरा उत्तम मिळाला. बँकेत खात्यासाठी फोटो मागितला तेव्हा त्या काउंटरवरच्या तरुणाला म्हणाल्या, "फोटो काहून पाहिजे? मी उभी आहो ना समोर. मले पाहून घे अन ध्यानात ठेव. मी नाई का तुझ्या बापाले ध्यानात ठेवलं?"

आमच्या नागपूरचा उन्हाळा मात्र ओळखीपाळखीला मोठा वैरी. मार्च उजाडला की गावातल्या यच्चयावत मुलीबाळी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर बसतात. डोळे तेवढे उघडे, त्यावरही पुष्कळदा काळा चष्मा. मग आई लेकीला ओळखत नाही आणि नवरा बायकोला. मी स्वतः एकदा शंकरनगर चौकापासून एका निळ्या दुपट्ट्यामागे, आपलीच बायको भाजी घेऊन चालली आहे अशा समजुतीने, "अगं कोथिंबीर घेतलीस का?" असं ओरडत लक्ष्मीनगरपर्यंत गेलो होतो. दुपट्टा सुटला तेव्हा आत आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई निघाल्या. तेव्हापासून मी दातदुखी अंगावर काढतो. मावशींना हा त्रास नाही. त्रिमूर्तीनगरातल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात, बंगईवर (आमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात) बसून त्या समोरून जाणाऱ्या प्रत्येक बांधलेल्या तोंडाचं नाव-गाव सांगत असतात. कसं ओळखता, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "गाठ पाहा ना. ही डावखुरी आहे, मागून डाव्या कानाकडे बांधते. अन डोळे कोनी बदलू शकते का, बाप्पा?"

एवढं वाचून मावशी भोचक असतील असं कोणाला वाटलं तर मात्र ते साफ चूक. एका श्रावणात घरी कडकडीत शाकाहार चालू असताना मी ऑफिसातून परस्पर सावजीच्या हॉटेलात झणझणीत मटण जेवून बाहेर पडलो, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि समोर मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर मावशी. आमची नजरानजर झाली. दुसऱ्याच क्षणी मावशी आभाळाकडे बघत पावसाचा अंदाज घेऊ लागल्या. त्या रात्री त्यांच्याकडे जेवायला होतो. त्यांनी माझ्या ताटात न मागता ताक वाढलं, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि श्रावण संपल्यावर हळूच म्हणाल्या, "आता जा बिनघोर." मी ओशाळून आभार मानले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला नेहमी आठवतं. "पाहनं आपल्या हाती नसते, जवाईबापू. बोलनं असते." त्यांच्या पोटात असल्या किती लोकांचे श्रावण असतील कोण जाणे.

यजमान गेल्यावर मावशींनी वरचा मजला कॉलेजच्या मुलींना राहायला द्यायला सुरुवात केली. भाडं हे निमित्त. खरं म्हणजे त्यांना रोज पाहायला चेहरे हवे होते. आजूबाजूच्या घरांवर कॅमेरे लागले तेव्हा आम्हीही सुचवून पाहिलं. "मी आहो ना बंगईवर," एवढंच उत्तर आलं. मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या. कोणी घरच्या आठवणीने रडून आली तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचण्याआधी मावशी तिला हाक मारून हातात पन्ह्याचा पेला द्यायच्या. प्रत्येकीच्या पन्ह्याची चव त्यांच्या ध्यानात. प्रांजलीचं म्हणजे गूळ कमी आणि जिरं भरपूर.

ही प्रांजली काटोलकडची. वडिलांची थोडी संत्र्याची बाग, पोरगी हुशार. तिचा साखरपुडा झाला होता. लग्नानंतर कॉलेज सोडावं लागेल असं मुलाने सांगितलं आणि हिने स्वतःच्या तोंडाने लग्न मोडलं. मुलाला तो अपमान झेपला नाही. तो कॉलेजच्या फाटकाशी उभा राहायचा, एसटीत मागच्या सीटवर बसायचा, तुला पाहून घेईन म्हणायचा. शेवटी वडिलांनी गावात पोरगी अमरावतीला मामाकडे गेली असं सांगितलं आणि तिला गुपचूप नागपूरच्या कॉलेजात घालून मावशींच्या स्वाधीन केलं. तिच्या आईने मावशींना सगळं सांगितलं होतं. प्रांजली डिसेंबरातही दुपट्टा बांधून बाहेर पडायची, कोणी फोटो काढायला लागलं की चप्पल शोधायला वाकायची. बाकीच्या मुलींना तो तिचा लाजरेपणा वाटायचा, आणि मावशींनीही तो तसाच वाटू दिला.

आणि मग ते अ‍ॅप आलं. कॉलेजच्या पोरांसाठी कोणीतरी काढलं होतं. गॅदरिंगचे, वाढदिवसाचे, कँटीनचे फोटो त्यात टाकायचे. ते प्रत्येक तोंडाभोवती पिवळी चौकट काढून खाली नाव लिहायचं. नाव शोधलं की त्या माणसाचे असतील नसतील तेवढे फोटो, कुठे काढले त्या ठिकाणांसकट, समोर हजर. तुम्ही स्वतः त्या अ‍ॅपवर असायला पाहिजे असंही नाही. दुसऱ्याच्या फोटोत मागून गेलात तरी पुरे. ज्याचं तोंड ओळखू आलं नाही त्याच्या चौकटीखाली 'हे कोण?' असा प्रश्न यायचा आणि उत्तर देणाऱ्याला एक चांदणी मिळायची. समीक्षा नावाची वरच्या खोलीतली बडबडी मुलगी एका संध्याकाळी फोन घेऊन बंगईवर आली आणि कौतुकाने म्हणाली, "मावशी, हे पाहा, एकदम तुमच्यासारखं आहे!"

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. आपल्यासारखं दुसरं काही जगात आहे हे मावशींना रुचलं नाही. सामना सुरू झाला. मुली फोटो दाखवत होत्या, आधी मावशी सांगत होत्या, मग अ‍ॅप. एका फोटोत मागच्या कॅलेंडरवरच्या गणपतीभोवतीही चौकट पडली आणि खाली आलं, 'हे कोण?' मावशींनी आधी हात जोडले आणि मग तुच्छतेने म्हणाल्या, "देवाले ओळखत नाई, अन माझ्याशी बरोबरी करून राहिलं." दुपट्टा बांधलेल्या मुलींपाशी तर यंत्राने हातच टेकले. मावशी मात्र रंगात आल्या होत्या. गाठ बघून, भुवया बघून भराभर नावं सांगत होत्या आणि समीक्षा ती फोनमध्ये टाकत होती. चांदण्यांचा पाऊस पडत होता. तेवढ्यात तिच्याच वाढदिवसाचा फोटो आला. फाटकापाशी स्कूटीच्या सीटवर केक, भोवती मुली, आणि त्यांच्या मागून घाईघाईने आत शिरणारी, दुपट्टा बांधलेली एक मुलगी. 'हे कोण?' "अवं, ही तं आपली प्रांजली!" मावशी म्हणाल्या आणि समीक्षाचं बोट फिरलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी पदर सावरला आणि विजयी मुद्रेने बंगईला झोका दिला.

मावशी हाडाच्या शिक्षिका, आणि हा विद्यार्थी एकपाठी निघाला. एकदा सांगितलेले डोळे त्याने घोकून ठेवले आणि मग त्याला प्रांजली सगळीकडे दिसायला लागली: कोणाच्या तरी फोटोत वाचनालयाच्या पायऱ्यांवर, कोणाच्या तरी फोटोत बसथांब्यावर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. बिचारीला याचा पत्ता नव्हता. ती त्या अ‍ॅपवर नव्हतीच. पण त्या मुलाचा एक चुलतभाऊ त्याच कॉलेजात होता, आणि तो होता.

एप्रिलातली दुपार. मी बायकोच्या सांगण्यावरून कुरडया न्यायला गेलो होतो आणि मावशींनी मला गच्चीवर कावळे हाकायला बसवलं होतं. उन्हाने जीव नकोसा होऊन खाली पाणी प्यायला आलो तर फाटकाशी एक मोटरसायकल थांबलेली, आणि तोंडाला टॉवेल बांधलेला एक तरुण कडी वाजवत होता.

"काकू, एक पोरगी शोधून राहिलो मी. इथंच राहते म्हनतात."

"पहिले तोंड सोड," मावशी म्हणाल्या. "बांधलेल्या तोंडाशी मी बोलत नाई."

त्याने टॉवेल सोडला. मावशींची मान डावीकडे कलली. आता गाव निघणार, आजोळ निघणार, हे मला इतकं पाठ होतं की मी मनात तयारीच केली. पण मान पुन्हा सरळ झाली. त्याने फोन पुढे केला. आधी साखरपुड्याचा फोटो, हिरवं लुगडं, खाली घातलेली नजर. मग बोटाने सरकवून वाढदिवसाचा, फाटकाचा. खाली प्रांजलीचं नाव. मावशींनी चष्मा काढला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादलीत नळ सोडला होता. बाकीच्या मुली कॉलेजात होत्या, परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी थांबलेली एकटी प्रांजलीच वर होती, हे मलाही माहीत होतं आणि मावशींनाही.

"नाई गा," मावशी म्हणाल्या. "मी नाई ओळखत हिले."

"काकू, फाटक तं तुमचंच आहे. नाव बी लिहून आहे खाली."

"फाटक माझंच आहे. पन पोरी किती येतात अन किती जातात. वय झालं आता. चेहरे ध्यानात राहत नाईत माझ्या."

समोरच्या घरातल्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. मावशींचं हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं आणि तांब्या तसाच कलता राहून पाणी त्यांच्या पायावर सांडत राहिलं. त्यांनाच काय, आख्ख्या त्रिमूर्तीनगराला हे वाक्य ऐकून धक्का बसला असता.

"मग वर कोन आहे?" त्याने विचारलं.

"वर माझ्या कुरडया आहेत. अन हे आमचे जवाई. कावळ्यायवर पाहरा देऊन राहिले सकाळपासून." माझ्या हातात अजून काठी होती. ती मी जराशी वर उचलली. मी शूर माणूस नाही, पण काठी वर गेली खरी. त्याने माझ्याकडे पाहिलं, तुळशीपाशी उभ्या काकूंकडे पाहिलं, टॉवेल पुन्हा बांधला आणि गाडी वळवली.

मावशी बंगईवर येऊन बसल्या, पण झोका घेतला नाही. चष्मा पुसत म्हणाल्या, "त्याची आजी अन मी एका शाळेत होतो. हनुवटी पाहिली ना तुमी? तशीच्या तशी." मग चष्मा मांडीवर ठेवला. "त्याले घर मीच दाखवलं ना, जवाई. मी तं आपल्या पोरीच्या फोनले सांगतलं होतं. बंगईवरची गोष्ट बंगईवरच राहते असं वाटलं मले." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मावशींना पदराने तोंड झाकून रडताना पाहिलं. मी काठी भिंतीला टेकवली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

पुढची धावपळ मावशींनी स्वतः केली. अ‍ॅपवाल्यांना मुलींनी लिहिलं की हिचे फोटो काढून टाका. उत्तर आलं की तुम्ही त्याच आहात याची खात्री पटवायला आधी चेहऱ्याचा स्पष्ट फोटो पाठवा, समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी. मावशी संतापून म्हणाल्या, "म्हन्जे चोराले आधी किल्ली द्या, मंग तो कुलूप लावून देईन!" त्या भर उन्हात कॉलेजात गेल्या. प्राचार्यबाईंसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, आणि वर, "चूक माझी आहे, पोरीची नाई," हेही. प्राचार्यबाईंनी मग अ‍ॅपवाल्यांना दम भरला, फोटो गेले. पोलिसांत अर्ज दिला, त्या मुलाला बापासकट बोलावून समज दिली गेली. पण घराचा पत्ता एकदा फुटला तो फुटलाच. प्रांजलीच्या वडिलांनी तिला दुसरीकडे, पहारेकरी असलेल्या होस्टेलात ठेवायचं ठरवलं. निघताना ती पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तुमची काई चूक नाई."

"आहे वं माय," मावशी म्हणाल्या. "पन तू म्हनून राहिली तं बरं वाटते." आणि कुरडयांचा डबा तिच्या हातात कोंबला.

त्या दिवसापासून मावशींनी ओळखणं सोडलं. लग्नसराईत लॉनवर लोक अजूनही हौसेने आपापली पोरं त्यांच्यापुढे आणून उभी करतात, "मावशी, ओळखा पाहू, कोनाचा आहे!" मावशी चष्मा न काढता हसतात आणि म्हणतात, "नाई बाप्पा. त्यालेच सांगू द्या." मावशी थकल्या, असं लोक हळहळून एकमेकांना सांगतात. बायकोने काळजीने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर मी पाहिली नाही. मला नवल वाटलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसतो तेव्हा ती मान हळूच डावीकडे कलताना आणि मग निमूट सरळ होताना मी पाहतो. अशा वेळी मला त्यांच्या जुन्या बेफाम ओळखण्याची फार आठवण येते. माझ्या कानांविषयी आता कोणी काही बोलत नाही.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. परवा मे महिन्यातल्या रविवारी मी मावशींकडे बसलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटी वळली, अजून नुसता ठिपका, आणि मावशी बंगईवरून उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पन्ह्याचा पेला होता. तो त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वर ताटली झाकली आणि पुन्हा येऊन बसल्या. स्कूटी फाटकाशी थांबली. पांढरा दुपट्टा, काळा चष्मा, खांद्याला ऑफिसची बॅग. ती मुलगी पायरीशी येऊन उभी राहिली आणि दुपट्ट्याच्या आतूनच म्हणाली, "मावशी, ओळखा पाहू!"

मावशींनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं. "नाई वं माय," त्या म्हणाल्या. "तूच सांग. आपलं नाव आपुनच सांगावं."

मुलीने मागे हात नेऊन गाठ सोडली. दुपट्ट्याचे वेढे एकेक करून उलगडले. आत घामाने डबडबलेलं, हसणारं तोंड होतं. "मी प्रांजली, मावशी. काटोलची. मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली मले."

"असं का," मावशी म्हणाल्या. "मंग ये आत." आणि ताटली बाजूला करून त्यांनी तो पेला तिच्या हातात दिला. गूळ कमी, जिरं भरपूर.